स्थौल्यनिवारणाचा व्यापार

गेल्या दिवाळींत आमच्या आप्तांपैकीं एक बाई आमच्या घरीं आल्या होत्या. फराळाचें ताट पुढें आलें तेव्हां त्यांनीं एक करंजी उचलली, पुन्हा ताटांत ठेवली, आणि कोणी कांहीं विचारलें नसतांनाच त्या म्हणाल्या, "नको बाई, दुसऱ्यांदा पैसे भरले आहेत." चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तीन वर्षांपूर्वीं वजन उतरविण्याच्या एका लहानशा स्थानिक केंद्रांत त्यांनीं तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले; आठ किलो वजन उतरलें; केंद्रानें त्यांचीं आधींचें व नंतरचें अशीं दोन छायाचित्रें शेजारीं शेजारीं भिंतीवर लावलीं; आणि पुढल्या दीड वर्षांत ते आठ किलो परत आले, वर आणखी दोन आले. छायाचित्रें मात्र भिंतीवर तशींच आहेत. बाईंनीं केंद्रास यत्किंचितही दोष दिला नाहीं. योजना उत्तम होती, आपणच कमी पडलों, असें त्यांचें ठाम मत होतें. आणि म्हणूनच त्यांनीं त्याच केंद्रांत पुन्हा पैसे भरले होते.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. वैद्यकांत आम्हांस अधिकार नाहीं. परंतु माल टिकला नाहीं म्हणून गिऱ्हाईक दुकानदाराशीं भांडत नाहीं, उलट स्वतःस दोषी ठरवून तोच माल पुन्हा विकत घेतें, असा व्यापार जगांत फार थोडा आढळतो. हा व्यापार कसा उत्पन्न झाला, त्यांत कोणकोणत्या पेढ्या निघाल्या, त्यांच्या मालांत परस्परांत किती अंतर आहे, आणि त्या बाईंनीं आपल्या माथीं घेतलेला दोष खरोखर त्यांचा आहे काय, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

स्थूलतेची निंदा नवी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ प्रकारच्या निंदित पुरुषांची गणना केली असून, त्यांपैकीं अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार विस्तारानें केला आहे. अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप हीं स्थौल्याचीं कारणें तेथें दिलीं आहेतच; पण त्याच यादींत मनाची नित्य निश्चिंतता आणि बीजाचा स्वभाव हीं दोनही कारणें आहेत. म्हणजे मनुष्य केवळ खादाडपणामुळें स्थूल होतो असें त्या प्राचीन ग्रंथकारास वाटत नव्हतें. कांहीं भाग जन्मतःच येतो हें तो जाणून होता. ही एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें जो व्यापार उभा राहिला त्याची इमारत, बीजाच्या स्वभावाचा विसर पडल्याखेरीज उभी राहिली नसती.

आधुनिक काळांतील या कथेचा आरंभ लंडन शहरीं एका प्रेतसामान पुरविणाऱ्या गृहस्थापासून करण्याची चाल आहे. विल्यम बँटिंग हें त्याचें नांव. राजघराण्यांतील अंत्ययात्रांची व्यवस्था या घराण्याकडे असे. १८५२ मध्यें ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अंत्ययात्राही याच पेढीनें सिद्ध केली होती. दुसऱ्यांच्या शेवटच्या प्रवासाची तयारी करणारा हा गृहस्थ स्वतःच्या घराचा जिना उतरतांना मात्र पाठमोरा उतरे. सरळ उतरलें तर गुडघ्यांवर भार पडे. त्याला वांकून जोड्याचा बंदही बांधतां येत नसे. १८६२ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याची उंची पांच फूट पांच इंच आणि वजन २०२ पौंड होतें. पोहणें, नौका वल्हविणें, बाष्पस्नान असे नाना उपाय करून तो थकला. अखेर कानास कमी ऐकूं येतें म्हणून तो विल्यम हार्वे नांवाच्या कर्णवैद्याकडे गेला, आणि त्यानें कानाचें मूळ मेदांत पाहिलें. पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे हे पदार्थ हार्वेनें बंद केले. मांस, मासे, भाजी व थोडी फळें ठेविलीं. सुमारें वर्षभरांत बँटिंगचें वजन ४६ पौंडांनीं उतरलें.

१८६३ मध्यें त्यानें हा अनुभव सर्वसाधारण जनतेस उद्देशून लिहिलेल्या एका पत्राच्या रूपानें छापला. पुस्तिकेची पहिली आवृत्ति त्यानें फुकट वांटली. पुढें मागणी इतकी वाढली कीं मूल्य ठेवणें भाग पडलें. परंतु त्यांतून आलेला नफा त्यानें धर्मादाय संस्थांस दिला. वैद्यमंडळींनीं त्याची थट्टा केली, तरी त्याचें आडनांव इंग्रजींत क्रियापद होऊन बसलें. स्वीडिश भाषेंत तर आहार आवरण्यास आजही त्याच्याच नांवावरून झालेलें क्रियापद चालतें. बँटिंग १८७८ मध्यें, ऐंशी वर्षें उलटल्यावर वारला. या व्यापाराचा मूळपुरुष म्हणून त्याचें नांव घेतात खरें, पण त्यानें व्यापार केलाच नाहीं. त्याच्या हातीं गिऱ्हाईक होतें, माल होता, कीर्ति होती, आणि तरीही त्यानें दुकान घातलें नाहीं. दुकान घालण्यास आणखी तीन साधनें हवीं होतीं: मोजण्याचें एक माप, तें माप ओलांडल्याची भीति, आणि लज्जा. तीं पुढील शंभर वर्षांत एकामागून एक मिळालीं.

माप अमेरिकेंत मिळालें. विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानें १८९० नंतरच्या दशकांत वेस्लियन विद्यापीठांत मनुष्यास कोठडींत बसवून त्याच्या शरीराची उष्णता मोजली आणि अन्नाची किंमत कॅलरींत सांगण्याची रीत रूढ केली. १९१८ मध्यें लॉस एंजेलिस येथील लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनीं तें माप घरोघर नेलें. पावाचा एक तुकडा असें न म्हणतां शंभर कॅलरी पाव म्हणत जा, असा त्यांच्या पुस्तकाचा उपदेश होता. बाई स्वतः एके काळीं पुष्कळ स्थूल होत्या, आणि महायुद्धाचा काळ असल्यामुळें अन्न वांचविणें व मेद झाडणें हीं दोन्ही कर्तव्यें एकाच वाक्यांत सांगण्याची सोय होती. पुस्तकाच्या लाखों प्रती खपल्या. येथपासून जेवणाच्या ताटास जमाखर्चाच्या वहीचें रूप आलें. आणि वहींत तूट आली कीं चूक वही लिहिणाराची, हेंही त्याबरोबर ठरून गेलें.

भीति विमा कंपन्यांनीं पुरविली. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीनें १९४२ व १९४३ मध्यें स्त्रिया व पुरुष यांच्यासाठीं उंचीप्रमाणें आदर्श वजनाचे तक्ते प्रसिद्ध केले. विमा उतरविणाऱ्यांपैकीं कोण किती जगतो या हिशेबावरून ते तयार झाले होते. पण डॉक्टरांच्या भिंतीवर गेल्यावर त्यांस धर्मशास्त्राचें प्रामाण्य प्राप्त झालें.

राहिली लज्जा. ती तर समाजांत होतीच. तिला एकत्र बसविण्याची युक्ति तेवढी बाकी होती. १९४८ मध्यें मिलवॉकी शहरांत एस्थर मांझ नांवाच्या गृहिणीनें आपल्या मैत्रिणींसह एक मंडळ काढलें. आठवड्यास एकदां जमावें, एकमेकींसमक्ष वजन करावें, उतरलें त्याचें कौतुक करावें, चढलें तिला धीर द्यावा, असा त्याचा क्रम. टॉप्स या नांवानें हें मंडळ वाढलें, आणि नफा न घेण्याचा नियम त्यानें पाळला.

पुढें पंधरा वर्षांनीं हीच कल्पना व्यापारांत आली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या जीन निडेच या गृहिणीस १९६१ मध्यें बाजारांत एका ओळखीच्या बाईनें "छान दिसतेस, कितवा महिना?" अशा अर्थाचा प्रश्न केला. निडेच गरोदर नव्हत्या. त्यांचें वजन २१४ पौंड होतें. त्या शहराच्या आरोग्यखात्यानें चालविलेल्या स्थूलता-चिकित्सालयांत गेल्या. तेथें आहार मिळाला व त्यानें वजनही उतरूं लागलें. परंतु चोरून बिस्किटें खाण्याची संवय सुटेना, आणि ही गोष्ट चिकित्सालयांत बोलण्याची सोय नव्हती. तेव्हां त्यांनीं सहा मैत्रिणींस घरीं बोलाविलें व आपल्या चोरीची कबुली दिली. मैत्रिणींनींही आपापल्या चोऱ्या सांगितल्या. १९६२ च्या अखेरीस निडेच यांचें वजन १४२ पौंडांवर आलें, आणि १९६३ मध्यें वेट वॉचर्स ही कंपनी स्थापन झाली. एका चित्रपटगृहाच्या माडीवर पहिली जाहीर बैठक भरली. वर्गणी दोन डॉलर. खुर्च्या पन्नास होत्या, माणसें चारशें आलीं.

येथें विकलें काय गेलें, हें नीट पाहिलें पाहिजे. आहार सरकारी होता व तो चिकित्सालयांत मिळतच होता. विकली गेली ती संगति. चोरून खाल्लेलें उघड सांगण्याची जागा. आमच्या मतें या सबंध व्यापारांत इतका अस्सल माल दुसरा निघाला नाहीं. पण संगतीस भांडवल मिळालें म्हणजे तिचें काय होतें, हेंही याच कंपनीच्या इतिहासांत दिसतें. १९६८ मध्यें तिचे भाग जनतेस विकले गेले. १९७८ मध्यें टोमॅटोच्या चटणीसाठीं प्रसिद्ध असलेल्या हाइन्झ कंपनीनें ती सुमारें सात कोटी डॉलरांस घेतली. आणि १९९९ मध्यें ती ७३ कोटी ५० लाख डॉलरांस आणखी एका भांडवलदाराकडे गेली. सहा मैत्रिणींच्या बैठकीची किंमत एवढी झाली.

दुसऱ्या पंथानें संगतीपेक्षां शिधा विकला. १९७२ मध्यें पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत हॅरोल्ड कॅट्झ यांनीं न्यूट्रीसिस्टम काढली. १९८३ मध्यें मेलबर्न येथें जेनी क्रेग व त्यांचे पति सिडनी यांनीं जेनी क्रेग ही कंपनी काढली आणि दोन वर्षांनीं ती अमेरिकेंत नेली. यांची रीत अशी कीं, गिऱ्हाइकानें स्वयंपाकच करूं नये. कंपनीच्या डब्यांतील मोजून भरलेलें अन्न गरम करून खावें. जेनी क्रेगच्या केंद्रांत दर आठवड्यास एक सल्लागार एकांतांत भेटे, धीर देई, आणि पुढील आठवड्याचे डबेही तेथूनच मिळत. वेट वॉचर्सचें उत्पन्न मुख्यतः वर्गणीचें, तर यांचें मुख्यतः डब्यांचें. २००६ मध्यें चॉकलेट व गोड दुधाच्या पिठाचा व्यापार करणाऱ्या नेस्ले कंपनीनें जेनी क्रेग सुमारें साठ कोटी डॉलरांस घेतली. एका हातानें जड करावें व दुसऱ्या हातानें हलकें करावें, आणि दोन्ही हातांनीं दाम घ्यावे, असा हा योग दोनदां घडून आला.

तिसऱ्या पंथानें अन्नच काढून टाकलें व पेय दिलें. १९७६ मध्यें शेवटची संधि अशा अर्थाच्या नांवाचें एक आहारपुस्तक निघालें. जनावरांचीं कातडीं व स्नायुबंध यांपासून काढलेलें प्रथिनजल पिऊन राहावें, असें त्यांत सांगितलें होतें. पुढील एकदोन वर्षांत अशा पेयांवर राहिलेल्या सुमारें साठ माणसांच्या मृत्यूंची चौकशी अमेरिकन सरकारास करावी लागली. त्यानंतर सुधारलेलीं पेयें वैद्यांच्या देखरेखीखालीं देण्यांत येऊं लागलीं. १९८८ च्या नोव्हेंबरांत ऑप्रा विन्फ्री या प्रख्यात बाई ऑप्टिफास्ट नांवाच्या पेयावर ६७ पौंड उतरवून, तेवढ्याच वजनाची चरबी एका हातगाडीवर ओढीत दूरदर्शनच्या प्रेक्षकांसमोर आल्या. तें दृश्य कोट्यवधि लोकांनीं पाहिलें. वजन पुढें परत आलें, त्याची हातगाडी मात्र कोणीं काढली नाहीं.

अशा रीतीनें तीन पंथ निघाले: संगतीचा, शिध्याचा व पेयाचा. प्रत्येकाच्या जाहिरातींत यशस्वी शिष्यांचीं छायाचित्रें, आणि प्रत्येकाची प्रतिज्ञा कायम स्वरूपाची. १९९० मध्यें अमेरिकन लोकसभेच्या एका उपसमितीनें रॉन वायडन यांच्या अध्यक्षतेखालीं या धंद्याची चौकशी केली. १९९३ मध्यें तेथील फेडरल ट्रेड कमिशननें पांच मोठ्या कंपन्यांवर फसव्या जाहिरातींचा आरोप ठेविला; वेट वॉचर्स, जेनी क्रेग व न्यूट्रीसिस्टम या तिन्ही त्यांत होत्या. आरोपाचें सार एवढेंच कीं, तुम्हीं जें सांगतां त्यास पुरावा काय? न्यूट्रीसिस्टमसह तीन कंपन्यांनीं त्याच वर्षीं तडजोड केली. बाकीच्या दोघींनीं १९९७ मध्यें. अनेकांच्या बाबतींत वजनाची घट तात्पुरती असते, अशी सूचना जाहिरातींत घालणें या तडजोडींमुळें भाग पडलें. तीस वर्षें हा धंदा चालल्यानंतर, घट टिकते काय, हा प्रश्न प्रथमच अधिकारानें विचारला गेला होता.

उत्तर मिळण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. तें आंकड्यांचें आहे, पण वाचकांनीं कंटाळूं नये. सबंध निबंधाचा भार या आंकड्यांवरच आहे. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४२३ माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकास वेट वॉचर्सच्या बैठकींस पाठविलें, दुसऱ्यास थोडा सल्ला व पुस्तिका देऊन घरींच ठेविलें. वर्षानंतर पहिल्या गटाची सरासरी घट ४.३ किलो व दुसऱ्याची १.३ किलो होती. दोन वर्षांनंतर २.९ किलो व ०.२ किलो. २००५ मध्यें बोस्टन येथें १६० माणसें चार पंथांत वांटलीं: अ‍ॅटकिन्स, झोन, ऑर्निश आणि वेट वॉचर्स. अ‍ॅटकिन्स पिठूळ पदार्थ वर्ज्य करितो, ऑर्निश चरबी वर्ज्य करितो; दोघांचे ग्रंथ परस्परांस खोडून काढितात. पण वर्षाच्या शेवटीं चौघांचीही सरासरी घट दोन ते साडेतीन किलोंच्या दरम्यान आली. अ‍ॅटकिन्स व ऑर्निश यांचे जवळजवळ अर्धे शिष्य मध्येंच निघून गेले; झोन व वेट वॉचर्स यांचे एकतृतीयांशाहून थोडे अधिक. ज्यानें जो पंथ धरला तो नेटानें पाळला त्याचें वजन उतरलें. पंथ कोणता, याला फारसें महत्त्व उरलें नाहीं.

२०१० मध्यें ४४२ स्त्रियांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगांत जेनी क्रेगच्या केंद्रांत जाणाऱ्या स्त्रियांची दोन वर्षांनंतरची सरासरी घट ७.४ किलो निघाली. नुसता साधा सल्ला मिळालेल्या स्त्रियांची २ किलो. शिध्याचा पंथ संगतीच्या पंथाहून वरचढ ठरला, असें वाटणें साहजिक आहे. परंतु त्या स्त्रियांस डबे व सल्ला हीं दोन्ही फुकट मिळालीं होतीं आणि प्रयोगाचा खर्च कंपनीनें केला होता. बाजारांत तेच डबे दाम मोजून घ्यावे लागत. ज्या घरांत एकीसाठीं निराळें अन्न दोन वर्षें विकत आणणें परवडतें, त्या घरांपुरताच तो निष्कर्ष खरा. २०१५ मध्यें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील पंडितांनीं ४५ अभ्यास एकत्र करून तुलना केली. नुसता सल्ला मिळालेल्यांहून वर्षाअखेर वेट वॉचर्सच्या सभासदांची घट शेंकडा २.६ नें अधिक, जेनी क्रेगच्यांची शेंकडा ४.९ नें अधिक. न्यूट्रीसिस्टमचा हिशेब तीन महिन्यांपुरता मिळाला, तो शेंकडा ३.८. नव्वद किलो वजनाच्या बाईनें हे आंकडे स्वतःस लावून पाहिले, तर पहिल्या पंथांत तिला वर्षभरांत सुमारें सव्वादोन किलो व दुसऱ्यांत सुमारें साडेचार किलो अधिक मिळतील. भिंतीवरच्या छायाचित्रांत हे सव्वादोन किलो दिसणारही नाहींत.

मग उरलेलें वजन परत कां येतें? मनुष्याचा निश्चय ढळतो म्हणून, असें उत्तर शंभर वर्षें देण्यांत आलें. शरीराचें म्हणणें निराळें आहे. १९४४–४५ मध्यें मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस चोवीस आठवडे दिवसास सुमारें १५७० कॅलरींवर ठेविलें. आज कित्येक योजनांत याहूनही कमी अन्न सांगतात. ते तरुण स्थूल नव्हते, स्वेच्छेनें आलेले व दृढ वृत्तीचे होते. तरी थोड्याच दिवसांत त्यांना अन्नाखेरीज दुसरें कांहीं सुचेना. कित्येक पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसत. आणि प्रयोग संपल्यावर त्यांनीं इतकें खाल्लें कीं अंगावरचा मेद पहिल्याहून अधिक झाला. २०११ मध्यें मेलबर्न येथें पन्नास स्थूल माणसांचें वजन दहा आठवड्यांत उतरवून पुढें वर्षभर त्यांचें रक्त तपासलें. भूक वाढविणारे व तृप्ति देणारे जे अंतःस्राव, ते वर्षानंतरही मूळ पदावर आले नव्हते. शरीर गेलेला मेद मागतच होतें. चरकानें ज्यास बीजाचा स्वभाव म्हटलें, त्याचाच हा एक प्रकार म्हणावयाचा. गिऱ्हाइकाच्या मनोदौर्बल्यावर ज्या धंद्यानें बोट ठेविलें, तो धंदा गिऱ्हाइकाच्या शरीरशास्त्रावर चालत होता.

यापुढील भाग अगदीं अलीकडचा आहे. २०२१ च्या जूनमध्यें अमेरिकेंत सेमाग्लुटाइड हें औषध वेगोव्ही या नांवानें वजन उतरविण्यासाठीं मान्य झालें. १९६१ माणसांवरील प्रयोगांत ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांची सरासरी घट शेंकडा १४.९ होती, नुसतें पाणी टोंचलेल्यांची २.४. साठ वर्षांच्या बैठकांस जें साधलें नाहीं तें एका सुईनें साधलें. २०२३ च्या मे महिन्यांत जेनी क्रेगचीं केंद्रें बंद पडलीं. त्याच वर्षीं वेट वॉचर्सनें अशीं औषधें लिहून देणारी एक कंपनी विकत घेतली. तरीही २०२५ च्या मेमध्यें तिला दिवाळखोरीच्या न्यायालयांत जावें लागलें, आणि शंभर कोटी डॉलरांहून अधिक कर्ज माफ करून घेऊन ती पुन्हा बाहेर पडली. ज्या ऑप्रा विन्फ्री यांनीं १९८८ मध्यें हातगाडी ओढली, त्यांनीं २०१५ मध्यें याच कंपनीचा दशांश भाग घेतला होता. २०२३ अखेर आपण औषध घेतों असें त्यांनीं सांगितलें व पुढील वर्षीं कंपनीचें संचालकपद सोडलें. स्थूलता हा निश्चयाचा दोष नव्हे, हें त्यांच्याच तोंडून ऐकावयास पस्तीस वर्षें गेलीं. पण या सुईच्याही बाबतींत एक गोष्ट विसरूं नये. औषध बंद केल्यावर वर्षभरांत गेलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला, असें त्याच प्रयोगाच्या पुढील तपासणींत दिसलें. म्हणजे दुकान बदललें, माल कितीतरी सुधारला, तरी गिऱ्हाइकानें परत येण्याची व्यवस्था कायमच आहे.

आपल्या देशांत हा व्यापार उशीरा आला. १९८९ मध्यें वंदना लूथरा यांनीं दिल्लींत व्हीएलसीसी काढली, आणि पुढें शहरोशहरीं तशीं केंद्रें निघालीं. २०२५ मध्यें ती नवी सुईही येथें विक्रीस आली. महाराष्ट्रांत मात्र एक निराळा प्रकार घडला. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनदांच खाण्याचा उपदेश सुरू केला व त्याचें मोल घेतलें नाहीं. २०१८ च्या सुमारास मराठी घरांत या विषयावर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या आहारावर झाला असेल. उपदेश सर्वांस लागू आहे कीं नाहीं, विशेषतः मधुमेहाचीं औषधें घेणारांनीं वैद्यास विचारल्यावांचून तो आचरावा काय, हा प्रश्न वेगळा. पण दुकान न घालणाऱ्या बँटिंगची आठवण त्यावरून झाल्याखेरीज राहात नाहीं.

शिवाय आपल्या शरीराचा हिशेब परदेशी तक्त्यांत बसत नाहीं, हें पुण्यानेंच जगास दाखविलें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ मध्यें आपलीं दोघांचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगांतील मेद युडकिन यांचा शेंकडा ९.१ व याज्ञिक यांचा शेंकडा २१.२. वजनकांट्यानें ज्यांस एक ठरविलें त्यांची गोष्ट अशी भिन्न होती. छायाचित्रांची जोडी केंद्रांच्या भिंतीवरही असते. पण ही जोडी विकण्यासाठीं काढलेली नव्हती, आणि म्हणूनच तिनें कांहीं शिकविलें.

या सर्वांवरून वजन उतरविण्याचा प्रयत्नच व्यर्थ आहे, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. २००२ मध्यें अमेरिकेंत ३२३४ माणसांवर झालेल्या मोठ्या प्रयोगांत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ज्या लोकांनीं आहार व चालणें यांच्या योगानें सरासरी ५.६ किलो वजन उतरविलें, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. म्हणजे चारपांच किलोंची घट ही क्षुद्र गोष्ट नव्हे; ती आरशांत दिसत नाहीं, रक्तांत दिसते. या व्यापाराचें पाप आमच्या मतें असें कीं, जें थोडें पण मोलाचें फळ तो खरोखर देऊं शकतो त्याची त्याला लाज वाटते, आणि जें देतां येत नाहीं त्याचीं चित्रें तो भिंतीवर लावतो. परिणामीं चार किलो उतरविलेली बाई स्वतःस विजयी न मानतां पराभूत मानते, आणि तिच्या या पराभवावर पुढील वर्षाची वर्गणी वसूल होते.

तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. आरंभीं आलेल्या शंभरांपैकीं वर्षाअखेर किती राहतात? राहिलेल्यांची व गेलेल्यांची मिळून सरासरी घट किती? ती दोन वर्षांनीं किती उरते? आणि ज्या अभ्यासाचा हवाला देतां त्याचा खर्च कोणीं केला? जो दुकानदार यांचीं उत्तरें देईल त्याच्याकडे खुशाल जावें. जो उत्तराऐवजीं भिंत दाखवील, त्याला नमस्कार करून परत यावें.

हा हिशेब आम्हीं त्या आप्त बाईंस थोडक्यांत सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सगळीच चूक माझी नव्हती?" आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. पैसे परत मिळण्याचा संभव नव्हता व त्यांनीं तो विचारलाही नाहीं. जातांना जोडा पायांत घालतां घालतां मात्र त्यांनीं विचारलें, "तो भिंतीवरचा फोटो काढा असं त्यांना सांगितलं तर चालेल ना?" चालेल, असें आम्हीं सांगितलें, आणि त्यांनीं तसें सांगितल्याचें पुढें कळलें. करंजी त्यांनीं खाल्ली कीं नाहीं याची चौकशी आम्हीं केली नाहीं.